पायावर रेघ मारा आणि घड्याळ बघा

आषाढात लावणी सुरू झाली की आमच्या ओपीडीच्या बाकड्यावर बसलेल्या निम्म्या माणसांच्या पायांना चिखल लागलेला असतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचेला भेग, पोटरीवर खरचटलेलं. बहुतेकांना मलम, गोळ्या आणि पाय कोरडा ठेवायचा सल्ला एवढं पुरतं. पण त्याच रांगेत एखादं माणूस असं बसलेलं असतं, ज्याच्याकडे फक्त त्या रात्रीपुरता वेळ उरलेला असतो: त्याच्या पायात कातडीखालचं मांस झपाट्याने सडवणारा आजार, नेक्रोटायझिंग फॅशियायटिस, पसरत असतो. त्याला ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर पहिल्या काही तासांत काय करायचं, ते मी इथे लिहिते आहे.

मी सर्जन आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर एका तालुक्याच्या गावी आमचं १५ खाटांचं हॉस्पिटल आहे. हे मुख्यतः प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टरांसाठी आणि रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी आहे. पण घरच्या माणसांनीही वाचावं, कारण पहिली खूण बहुतेक वेळा त्यांनाच दिसते.

माझ्या तिसऱ्या पावसाळ्यात एक काकू आल्या. वय ४६. पुतण्याने रिक्षातून आणून उचलूनच आत ठेवलं. आदल्या संध्याकाळपासून डावी पोटरी दुखत होती. मी बघितलं तर तळहाताएवढी लाली, थोडी सूज, आणि जखम म्हणावी तर बेचक्यांतल्या चिखल्या तेवढ्या. काकू मात्र खाटेची दांडी धरून विव्हळत होत्या. "बाय माझे, कापून टाक तो पाय, पण ह्या दुखणा थांबव." ताप १००, नाडी १२८. मी केसपेपरवर सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचा साधा जंतुसंसर्ग, लिहिलं, सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक लावलं आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचलं. अर्ध्या तासात त्या शांत होऊन झोपल्या आणि मलाही हायसं वाटलं. पहाटे पाचला सिस्टरांनी मला उठवलं तेव्हा बीपी ७० होतं, पोटरीवर जांभळे फोड आले होते आणि सूज मांडीच्या वर पोचली होती. गाडी घाटापर्यंतही गेली नाही.

त्या काकूंनी मला निदान आणि उपचार दोन्ही एका वाक्यात सांगितले होते. पुढे जे काही लिहिते आहे ते त्या वाक्यापासून शिकत आले आहे.

आत काय चाललेलं असतं

मटण साफ करताना मांसावरून एक पांढरा, चिवट पडदा सुटतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. माणसाच्या स्नायूंवरही तसाच पडदा असतो, त्याला फॅशिया म्हणतात. या आजारात जंतू त्या पडद्याच्या कडेने पसरतात. आपल्याकडे जांभ्याच्या कातळावर कोरडं दिसतं आणि खालून पाणी वाहत असतं, तसंच हे. वरची कातडी पहिल्या दिवशी जवळपास चांगली दिसते. खाली मात्र बारीक रक्तवाहिन्या गोठून बंद होत जातात आणि पडदा, चरबी, कधी स्नायूही मरतात. हाच नेक्रोटायझिंग फॅशियायटिस. गावात कुणी धावरं उठलं म्हणून झाडपाल्याचा लेप लावून आणतात. तो लेप पुसल्याशिवाय काही ठरवू नका.

रक्तवाहिन्या बंद झाल्या की सलाईनमधून दिलेलं औषध त्या जागी पोचत नाही. जगातलं सर्वांत महागडं अँटिबायोटिक लावलं तरी मेलेल्या मांसात ते जाणार कुठून? म्हणून या आजाराचा मुख्य उपचार चाकू आहे. औषधं, सलाईन, आयसीयू हे सगळं चाकूच्या सोबतीला.

दुसरी गोष्ट विषाची. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, म्हणजे आपला घसा दुखवणाराच जंतू, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हे दोघे अशी विषं सोडू शकतात ज्यांना सुपरअँटिजेन म्हणतात. एरवी एखादा जंतू शरीरात शिरला तर त्याला ओळखणाऱ्या मोजक्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, जाग्या होतात, दहा हजारांत एखादी किंवा त्याहूनही कमी. सुपरअँटिजेन मात्र ती ओळखपाळख बाजूला सारून पेशींना बाहेरून एकमेकींशी जोडून टाकतं, आणि शरीरातल्या पाचव्या हिश्श्याहूनही अधिक टी पेशी एकदम उठू शकतात. त्यातून जी रसायनं रक्तात ओतली जातात त्यांनी केशवाहिन्या झिरपू लागतात, बीपी कोसळतं, किडनी, फुप्फुसं, यकृत बंद पडायला लागतात. हाच टॉक्सिक शॉक. जखम नखाएवढी असू शकते. कधी जखमच नसते. नुसता मुका मार लागलेला किंवा पाय मुरगळलेला असतो आणि जंतू घशातून रक्तावाटे तिथे जाऊन बसतात.

ओळखायचं कसं

सर्वांत आधी वेदना. दिसतं त्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल तर तिथेच थांबा. आमच्याकडची माणसं सोशिक आहेत. नांगराचा फाळ लागला तरी पाय फडक्यात बांधून उरलेली लावणी पुरी करून येतात. असं माणूस रडत असेल तर त्याच्या रडण्याला रिपोर्टाइतकं वजन द्या.

मग नाडी. ताप थोडाच आणि नाडी १२० च्या पुढे, हे साध्या सेल्युलायटिसला शोभत नाही. श्वास मोजा, खरोखर घड्याळ लावून मोजा. माणूस किंचित गोंधळलेलं आहे का ते नातेवाइकांना विचारा. "कालपासून जरा भलतंच बोलते" हे वाक्य मी तीनदा ऐकलं आहे आणि तिन्ही वेळा बीपी नंतर पडलं.

मग पायाला हात लावा. सूज लालीच्या पलीकडे गेलेली असते. दाबलं तर साध्या सुजेसारखं मऊ लागत नाही, फळीसारखं टणक लागतं. पुढच्या टप्प्यात कातडी राखाडी किंवा जांभळट होते, काळसर पाण्याचे फोड येतात, आणि ज्या जागी काल हात लावू देत नव्हते तिथे आज काही कळत नाही. दुखणं थांबलं म्हणून घरचे खूश होतात. नस मेली म्हणून ते थांबलेलं असतं. बोटाखाली चुरचुर लागणं, म्हणजे आत वायू असणं, पुस्तकात ठळक छापलेलं असतं, पण बहुतेक रोग्यांत ते नसतं. स्ट्रेप्टोकॉकसच्या आजारात तर एक्स-रेत वायू दिसण्याची वाटही बघू नका.

आता रेघ. केसपेपर लिहायचं बॉलपेन चालत नाही, ओल्या कातडीवरून ते घसरतं. आम्ही ड्रेसिंगच्या ट्रेमध्येच जाड मार्कर ठेवतो. लालीच्या कडेने एक रेघ, सुजेच्या कडेने दुसरी, आणि शेजारी वेळ: तारीख नको, तास आणि मिनिटं. दर अर्ध्या तासाने बघा. सेल्युलायटिस दिवसाच्या हिशेबाने सरकतं, हे तासाच्या हिशेबाने सरकतं. दोन तासांत रेघेबाहेर दोन बोटं गेलं तर पुढचा निर्णय पायानेच घेतला असं समजा. रेघेचा आणखी एक उपयोग आहे. रात्री डॉक्टर बदलतात, सिस्टर बदलतात, गाडी बदलते, पण रेघ रोग्याबरोबर जाते.

डायक्लोफेनॅक आणि त्या जातीची सगळी इंजेक्शनं इथे वर्ज्य. ती खूण पुसतात, आणि बुडायला आलेल्या किडनीला आणखी बुडवतात. दुखणं कमी करायलाच हवं, कुणाला तसं तडफडत ठेवू नये. त्यासाठी पॅरासिटामॉल द्या, फेंटानिल किंवा मॉर्फिन थोडं थोडं द्या, बीपीवर नजर ठेवून. आधी कुणी काय टोचलं आहे हेही विचारा. आमच्याकडे येण्याआधी रोगी बहुधा एक तरी इंजेक्शन घेऊन आलेला असतो, आणि मग "आता बरं आहे" या शब्दावर विसंबता येत नाही.

रक्त तपासा, पण त्यासाठी अडून राहू नका. पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी या सहा गोष्टींवरून गुण देणारा एलरिनेक नावाचा स्कोअर २००४ पासून वापरात आहे. ६ किंवा जास्त आले तर संशय पक्का होतो. कमी आले म्हणून आजार नाही असं मात्र मुळीच नाही, आणि नवे डॉक्टर नेमके इथेच फसतात. सीपीके, म्हणजे इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम, वाढलेलं असेल तर स्नायूपर्यंत आग पोचली आहे.

शंका राहिलीच तर बोटाची परीक्षा. ती करायला सर्जन लागतो, पण मोठं ऑपरेशन थिएटर लागत नाही. संशयाच्या जागी भूल देऊन फॅशियापर्यंत दोन सेंटिमीटरचा छेद घ्यायचा. चांगल्या मांसातून रक्त येतं आणि पडदा बोटाला दाद देत नाही. इथे रक्त येत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं करडं पाणी येतं, आणि पडद्यावरून बोट लोण्यातून जावं तसं पुढे सरकतं. सरकलं की छेद तिथेच लांबवायचा. सीटी स्कॅनसाठी रोग्याला दुसऱ्या गावी पाठवून परत आणायचं नाही.

पहिला तास

दोन जाड सुया, दोन्ही हातांना. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, त्यासाठी रक्त घ्या, मग लगेच अँटिबायोटिक. कल्चरची बाटली नसेल तर तिच्यासाठी औषध अडवू नका. रिंगर लॅक्टेट किलोमागे ३० मि.ली.; म्हणजे ५० किलोच्या बाईला दीड लिटर, आणि बीपी कोसळलेलं असेल तर ते भराभर. दर अर्ध्या लिटरनंतर छातीचे तळ ऐका. टॉक्सिक शॉकमध्ये वाहिन्या गळत असल्यामुळे पहिल्या दिवसात याच्या कितीतरी पट सलाईन लागू शकतं. "एवढं दिलं तरी बीपी येत नाही" म्हणून घाबरून बंद करू नका आणि डोळे मिटून ओतूही नका.

लघवीची नळी घाला. ताशी किलोमागे अर्धा मि.ली. लघवी हवी. ती पिशवी म्हणजे तुमच्या हातातला सर्वांत स्वस्त मॉनिटर.

बीपी येत नसेल तर ते चढवणारं औषध, नॉरअॅड्रेनॅलिन. मोठ्या शहरात सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी, टाकून देतील. आपल्याकडे त्यासाठी तासभर घालवू नये. कोपरापुढच्या चांगल्या शिरेतून, सुई नीट चालते आहे ना हे बघत, सुरू करता येतं. किलोमागे मिनिटाला ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमने सुरुवात, मीन (सरासरी) बीपी ६५ येईपर्यंत वाढवत. कुपीवर बेस किती आणि बायटार्ट्रेट किती ते वाचा. दोन्हींत दुपटीचा फरक पडतो आणि हिशेब तिथेच चुकतो. डोस ०.२५ च्या वर गेला आणि काही तास तिथेच राहिला तर हायड्रोकॉर्टिसोन ५० मि.ग्रॅ. दर ६ तासांनी. साखर १८० च्या खाली ठेवायला इन्सुलिन. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका, रक्ताच्या पिशव्यांची व्यवस्था लगेच लावा. आमच्याकडे रात्री रक्त मिळवायला माणूस गाडीवर पाठवावा लागतो, म्हणून तो सगळ्यांत आधी पाठवते.

हे सगळं लिहायला तीन परिच्छेद लागले. करायला एक सिस्टर, एक डॉक्टर आणि वॉर्डातला एक मामा पुरतात, फक्त ज्याला जे काम दिलं ते मोठ्याने बोलून दिलेलं असावं.

औषधं, आणि क्लिंडामायसिन का

औषधांची कामं दोन: जंतू मारणं आणि विषाचा कारखाना बंद करणं. पेनिसिलिनच्या जातीची औषधं पहिलं काम करतात, पण एका अटीवर. ती जंतूची भिंत बांधू देत नाहीत, म्हणजे जंतू वाढत असेल तरच मार बसतो. हॅरी ईगल यांनी १९५२ साली उंदरांच्या मांडीच्या स्नायूत स्ट्रेप्टोकॉकस टोचून दाखवलं की उपचाराला उशीर झाला, जंतूंची गर्दी झाली, की ते वाढायचे थांबतात आणि पेनिसिलिन निकामी होतं. आपला रोगी येतो तो नेमका त्या अवस्थेत. क्लिंडामायसिन जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या यंत्रावर बसतं. जंतू वाढत असो वा नसो, विष बनायचं थांबतं. पण एकटं क्लिंडामायसिन देऊ नका. त्याला न जुमानणारे जंतू आहेत. दोन्ही एकत्र.

जंतू कुठला ते कळायच्या आधी मी असं सुरू करते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर ६ तासांनी, किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी. सोबत क्लिंडामायसिन ९०० मि.ग्रॅ. दर ८ तासांनी, १०० मि.ली. सलाईनमध्ये, अर्ध्या तासाहून कमी वेळात नाही. हे औषध कधीही सिरिंजने ढकलू नका, हृदय थांबू शकतं. आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफसाठी व्हँकोमायसिन किलोमागे २५ ते ३० मि.ग्रॅ. पहिला डोस, सावकाश, तासाला एक ग्रॅमच्या वेगाने. पुढे किलोमागे १५ ते २० मि.ग्रॅ. दर १२ तासांनी. किडनी आधीच कुरकुरत असेल तर मी व्हँकोमायसिनऐवजी लिनेझोलिड ६०० मि.ग्रॅ. दर १२ तासांनी घेते. त्यानेही विष बनणं कमी होतं. पहिला डोस सगळ्यांना पूर्ण द्या. किडनीचा हिशेब पुढच्या डोसपासून.

मांसाच्या तुकड्याच्या ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, साखळीतले जांभळे गोल दिसले, आणि पुढे कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस पक्का झाला, की क्रिस्टलाइन पेनिसिलिन ४० लाख युनिट दर ४ तासांनी आणि क्लिंडामायसिन. बाकीची मोठी औषधं उतरवता येतात.

किनाऱ्यावरच्या डॉक्टरने एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: पाणी कुठलं होतं? शेतातलं, विहिरीचं, खाडीचं की समुद्राचं? खडकावर कालवं फोडताना हाताला झालेला काप, शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा, होडी ओढताना लागलेली शिंपली, या जखमांतून व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू शिरू शकतो. कोमट आणि कमी खारट पाणी त्याला मानवतं, म्हणजे खाडीच्या मुखाशी तर त्याचं घरच. दारूने यकृत खराब झालेल्या माणसाला तो बारा ते अठ्ठेचाळीस तासांत आडवा करतो. रक्ताळलेले मोठे फोड ही त्याची खूण. इथे डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दर १२ तासांनी घालायलाच हवं, सोबत सेफ्टाझिडिम २ ग्रॅम दर ८ तासांनी. नसेतून द्यायचं डॉक्सिसायक्लिन तालुक्याला मिळालं नाही तर नाकातल्या नळीतून कॅप्सूल फोडून द्या. ते पोटातूनही चांगलं शोषलं जातं. ओढ्याच्या, विहिरीच्या, भातखाचराच्या गोड्या पाण्यातून एरोमोनास नावाचा जंतू येतो. त्यालाही डॉक्सिसायक्लिन, सोबत सिप्रोफ्लोक्सासिन किंवा सेफ्ट्रियाक्झोन.

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, त्यामुळे जाळ्यातल्या काट्यांच्या जखमा ऑगस्टपासून येऊ लागतात. लावणीच्या जखमा त्याआधीच्या. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर हे दोन ऋतू खुणावलेले आहेत.

चाकू

स्पायनल भूल मी टाळते. बीपी आधीच पडलेलं असतं आणि प्लेटलेट उतरलेल्या असतात. भूलतज्ज्ञ केटामाइन बेताने देऊन झोपवतात, नॉरअॅड्रेनॅलिन चालू ठेवून. "बीपी सुधारलं की कापू" ही चर्चा थिएटरच्या दारात नेहमी होते. बीपी सुधारत नाही त्याचं कारण आत सडतं आहे. ते काढल्याशिवाय सुधारणार नाही.

छेद लांब, पायाच्या उभ्या रेघेत. पडदा करडा, ओलसर, बोटाने सुटणारा असेल तिथपर्यंत जायचं, आणि त्याच्या पुढेही, चारी बाजूंनी तांबडं रक्त येईपर्यंत. बोट पडदा आणि चरबीच्या मधून आणखी पुढे शिरत असेल तर अजून संपलेलं नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या गोठलेल्या काड्यांसारख्या दिसल्या तर ती कातडीही जाणार. नव्या सर्जनचा हात इथे अडखळतो, माझाही अडखळायचा: एवढं मोठं भगदाड पाडायचं? हो. कातडी पुन्हा लावता येते. मांसाचे तुकडे ग्रॅम स्टेन, कल्चर आणि बायॉप्सीला पाठवा. वरवरचा बोळा फिरवून पाठवू नका. जखम शिवायची नाही. सलाईनने धुऊन, ओल्या गॉजने सैल भरून ठेवायची.

चोवीस तासांच्या आत परत थिएटरमध्ये. रोगी बरा दिसत असला तरी. बिघडत असेल तर बारा तासांत. पहिल्याच वेळी सगळं निघालं असं मला फार थोड्या वेळा दिसलं आहे. बहुतेकांना तीन वेळा तरी न्यावं लागतं, कापण्यासारखं काही उरत नाही तोपर्यंत.

नातेवाइकांशी बोलणं हा ऑपरेशनचाच भाग आहे. मी खुर्चीवर बसून बोलते, उभ्याने नाही. सांगते की या आजारात मोठमोठ्या हॉस्पिटलांतही चार-पाचांतलं एक माणूस जातं, आणि शॉक असेल तर त्याहून जास्त. पाय वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू. पण स्नायूच मेले असतील तर पाय काढायची परवानगी मला आत्ताच लागेल, मध्यरात्री तुम्हाला शोधत बसायला वेळ मिळणार नाही. लोक रडतात आणि सही करतात. लपवून ठेवलं तर तिसऱ्या दिवशी कुणीच कुणावर विश्वास ठेवत नाही.

इथेच कापायचं की पाठवायचं

कोकणात हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सावंतवाडीहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज साठेक किलोमीटर. रत्नागिरीहून कोल्हापूर आंबा घाटाने सुमारे १३०. नकाशावर जवळ दिसतं. पण जुलैच्या रात्री, धुक्यात, दरड कोसळून रस्ता बंद असेल तर त्याचे किती तास होतात हे इथे राहणाऱ्यालाच माहीत. तिथे पोचून पुन्हा तपासणी, पुन्हा सही, थिएटरचा नंबर. संशय आल्यापासून छेद घेईपर्यंतचे तास मोजा, नुसत्या रस्त्याचे नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि दोन पिशव्या रक्त असेल तर पहिला छेद इथेच घ्या, सडलेलं काढा, जखम उघडी ठेवा आणि मग श्वासाच्या नळीसकट आयसीयूकडे पाठवा. सुबक व्हायची गरज नाही. यातलं काही नसेल तर थांबून उपयोग नाही: पहिले डोस, सलाईन, लघवीची नळी, रेघ, आणि १०८ ला फोन. पण रिकाम्या हाताने पाठवू नका. चिठ्ठीवर "सेल्युलायटिस" लिहिलं तर रोगी तिकडच्या रांगेत सकाळपर्यंत बसतो. "नेक्रोटायझिंग फॅशियायटिसचा संशय, शॉकमध्ये, तातडीने सर्जनने बघावं" असं मोठ्या अक्षरांत लिहा, दिलेली औषधं वेळेसकट लिहा, आणि तिथल्या सर्जनशी स्वतः बोला. एकदा मी पाठवलेल्या रोग्याच्या बाबतीत हा फोन करायचं राहिलं, आणि मोठ्या गावातल्या एका हॉस्पिटलात तो पाच तास कॅज्युअल्टीत पडून होता. त्यानंतर गाडी सुटायच्या आधी मी फोन लावते आणि ज्यांच्याशी बोलले त्यांचं नाव चिठ्ठीवर घालते.

टॉक्सिक शॉक आहे हे कधी म्हणायचं? सिस्टोलिक बीपी ९० किंवा कमी, आणि त्याबरोबर दोन गोष्टी: क्रिएटिनिन २ च्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, यकृताचे आकडे दुप्पट, फुप्फुसात पाणी, अंगभर लाली, मांस सडणं. यांतल्या कुठल्याही दोन. जखमेत किंवा रक्तात स्ट्रेप्टोकॉकस मिळाला की शिक्कामोर्तब. स्टॅफचा शॉक थोडा वेगळा: ताप १०२ च्या पुढे, उन्हात भाजल्यासारखी अंगभर लाली, आणि रक्ताचं कल्चर बहुतेक वेळा रिकामं. तिथे जंतू कुठे दडला आहे ते शोधून काढावं लागतं, जुना ड्रेसिंगचा बोळा, टाक्याखालचा पू, बाळंतिणीच्या अंगातलं राहिलेलं कापड.

इम्युनोग्लोब्युलिनबद्दल, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांबद्दल, नातेवाईक मोबाईलवर वाचून विचारतात. स्ट्रेप्टोकॉकसचा शॉक असेल, क्लिंडामायसिन चालू असेल, तर त्याचा फायदा होतो असा कल अभ्यासांत दिसतो. पहिल्या दिवशी किलोमागे १ ग्रॅम, पुढचे दोन दिवस अर्धा ग्रॅम. सरसकट सगळ्या मांस सडण्याच्या आजारांत देऊन २०१७ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. खर्च लाखांत जातो. शेत विकून ते आणा असं मी कुणाला सांगितलेलं नाही. आधी चाकू, क्लिंडामायसिन आणि दुसऱ्या दिवशीचं थिएटर, हे तिन्ही नीट झालं का ते बघा.

मुलं आणि बाळंतिणी यांच्याबद्दल थोडंच. कांजिण्या आलेल्या मुलाचा ताप चौथ्या दिवशी पुन्हा चढला आणि एक पाय किंवा हात टेकवेना, तर हेच शोधा. कांजिण्यांत आयब्युप्रोफेन देऊ नका. बाळंतपणानंतर पोटात भयंकर दुखणं, नाडी १३० आणि ताप जेमतेम, तर गर्भाशयात स्ट्रेप्टोकॉकस आहे असं धरून चाला.

घरी जाताना

औषध सुरू होऊन २४ तास होईपर्यंत मास्क आणि हातमोजे, सिस्टरांनीही, मावशींनीही. घरच्यांना सांगा: महिनाभर कुणालाही ताप, घसा, अचानक अंग दुखणं झालं तर थेट यायचं. घरात बाळंतीण, तान्हं मूल किंवा ६५ च्या वरचं माणूस असेल तर त्यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यायचं का ते मी त्याच दिवशी ठरवते.

दुसऱ्या आठवड्यात हातापायांच्या तळव्यांची कातडी सोलली जाते. रोगी घाबरतो, ती टॉक्सिक शॉकची मागून येणारी खूण आहे, आपोआप भरते. जखम लाल, दाणेदार झाली की मांडीची कातडी घेऊन लावायची. सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम पहिल्या आठवड्यापासून, जखम उघडी असतानाच.

मागच्या पावसाळ्यात एका ५२ वर्षांच्या बाईंची पोटरी आम्ही गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उघडली. चार वेळा थिएटर, मग कातडी, एकूण ४१ दिवस. जाताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी तरवो काढूक जाऊ मां मी?" म्हणजे भाताची रोपं उपटायला. मी हो म्हटलं. गमबूट घालून, रात्री पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसून, आणि चिखल्या आल्या तर दोन दिवसांत मलम. साखर दर महिन्याला. त्यांच्या उपकेंद्राच्या सिस्टरांना मी चिठ्ठी दिली आणि सोबत एक मार्कर.